माझ्या भावाची टक्केवारी

(बोईसरच्या एका वस्तीतल्या विहारात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण आज कविता वाचणार नाही. कविता वाचली की तुम्ही टाळ्या वाजवता, मी चहा पितो आणि आपण घरी जातो. आज मला एका कागदाबद्दल बोलायचंय. त्या कागदावर माझ्या थोरल्या भावाचं नाव आहे आणि नावापुढं एक आकडा आहे.

मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो. पहाटेची डहाणू-चर्चगेट लोकल पकडतो, दादरला उतरून गाडी बदलतो, आणि दिवसभर गोण्या, कॉइली, साखळदंड. गोदीत वजन मोजायची पद्धत सरळ असते. गोणी पन्नास किलोची असली तर ती पन्नासच भरते, आणि पन्नास किलो काय ते माझ्या पाठीला ठाऊक असतं. पण माणसाचं दुःख किती टक्के आहे हे मोजायचा काटा या देशात आहे हे मला तीन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं.

बाप आमचा परभणीकडचा. दुष्काळात जगायला म्हणून तारापूरच्या एमआयडीसीत आला. इकडं 1969 साली अणुवीज केंद्र सुरू झालं, मागनं कारखाने आले, आणि कारखान्यांच्या मागं आपल्यासारखे आले. कोणी जळगावचा, कोणी बिहारचा, कोणी तलासरीचा. अणूची वीज इथं तयार झाली आणि आमच्या खोलीत रॉकेलची चिमणी होती. असो, ते रडगाणं आज नाही.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. बाप गेल्यावर दादानं दहावी अर्धवट सोडली आणि एका कारखान्यात ठेकेदाराकडं लागला. बारा-बारा तास. आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रातपाळी. माझी फी दादानं भरली. मी जे काय मॅट्रिक झालो ते दादाच्या झोपेवर झालो.

मग एक दिवस दादा म्हणाला, भोंग्यातून माझं नाव घेतायत. आम्ही हसलो. मग तो रात्री उठून दाराच्या फटीत चिंध्या कोंबायला लागला. मग जेवण हुंगायला लागला. मग कामावर जाईना. ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस घेतला. हजेरीच्या वहीत दादाचं नाव कुठल्याच पानावर सापडलं नाही. सहा वर्षं राबला, पण कागदावर तो कधी नव्हताच.

कारखान्यानं दादाला वेडं केलं, असं मी म्हणणार नाही. डॉक्टर सांगतात, स्किझोफ्रेनियाला एकच एक कारण नसतं. टाळ्यांसाठी मी खोटं बोलणार नाही. पण आजारी पडल्यावर ज्याच्या हातात विम्याचं कार्ड नाही, फंड नाही, हजेरी नाही, त्याला उघड्यावर कोणी टाकलं हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

पहिली दीड-दोन वर्षं आम्ही काय केलं? लपवू कशाला. भगत झाला, दर्गा झाला, लिंबू झालं, कोंबडं झालं. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर आणि माय भगताच्या दारात. मी मायवर ओरडलो. माय म्हणाली, "तुझ्या शाळेतलं औषध दे मंग. मी ते लावते." माझ्याकडं औषध नव्हतं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं सांगितलं की वेगवेगळ्या मनोविकारांत शंभरातल्या सत्तर ते ब्याण्णव लोकांना उपचारच मिळत नाहीत. आमची माय त्या आकड्यात आहे. तिला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आपल्या पालघर जिल्ह्यात, जो 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, मनोरुग्णालय नाही. राज्यात अशी सरकारी मोठी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. गाड्या बदलत ठाण्याला जायचं, सोबत घाबरलेला माणूस, आणि दोघांची रोजी बुडाली. भगत मात्र पाड्यावरच असतो.

शेवटी दवाखाना सुरू झाला. गोळ्या लागू पडल्या. आवाज कमी झाले, बंद नाही झाले. दादा बसून राहायला लागला. हात थरथरतात. सांगितलं तर उठतो, सांगितलं तर जेवतो. मध्ये वर्षभर गोळ्या सुटल्या, कारण माझं काम सुटलं होतं. परत सगळं पहिल्यापासून.

तेव्हा कोणीतरी सांगितलं, अरे पेन्शन मिळतं.

पेन्शन हा शब्द आपल्या लोकांना नवा नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्कराचे पेन्शनर. गोपाळबाबा वलंगकर लष्कराचे पेन्शनर. आपल्या चळवळीच्या सुरुवातीचा एक कागद पेन्शनरांनी लिहिला, लष्करात आमची भरती बंद का केली म्हणून. अर्ज लिहिणं, नाकारला की परत लिहिणं, हे आपल्याकडं तेव्हापासूनचं आहे. अर्जाला कोणी भीक म्हणालं तर त्याला सांगा, घटनेचं 41 वं कलम वाच. बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व यांत सरकारनं मदत करावी असं तिथं लिहिलंय. आता ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यावरून कोर्टात खेचता येत नाही, हेही खरं. पण त्याच्या पुढचे कायदे आहेत, आणि त्यांवरून खेचता येतं.

कायदा काय म्हणतो ते ऐका. 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात मानसिक आजार होता. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, त्यात एकवीस प्रकार आहेत, त्यातही मानसिक आजार आहे. म्हणजे पाय तुटलेला आणि मन तुटलेला, कायद्यापुढं दोघंही दिव्यांग. पण पाय तुटलेला दिसतो. चाळीस टक्के किंवा वर असेल तर दाखल्याला अर्थ. केंद्राचं इंदिरा गांधी अपंग पेन्शन, 2009 सालचं, त्याला ऐंशी टक्के लागतात, दारिद्र्यरेषेखालचं असावं लागतं, आणि केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपये. आपल्या राज्याची संजय गांधी निराधार योजना 1980 सालची, तिला चाळीस टक्के चालतात. तिथं 1500 रुपये होते, 2025 च्या निर्णयानं दिव्यांगांना 2500 केले. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000 च्या आत पाहिजे. भागून बघा, दिवसाला 137 रुपये होतात. अख्ख्या घराला. त्याच्या वर एक रुपया कमावला की तुम्ही निराधार नाही. आम्ही दोन भावांची रेशनकार्डं वेगळी म्हणून दादा आणि माय त्यात बसले.

गेलो दाखल्याला. स्वावलंबन पोर्टलवर नोंद केली, एका सरकारी दवाखान्यात तारीख मिळाली. आता मी सांगतो ती गोष्ट नीट ऐका, कारण सगळी मेख तिथं आहे.

मायनं पहाटे उठून दादाला आंघोळ घातली. साबणानं घासून. दाढी करवली. माझा लग्नकार्याचा पांढरा शर्ट घातला. तेल लावून भांग पाडला. सायबापुढं जायचंय म्हणून. आपल्या आयांना हे शिकवावं लागत नाही. सायबापुढं घाण गेलं की साहेब काय म्हणतो ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

डॉक्टरनं विचारलं, नाव काय? दादानं सांगितलं. गाव? सांगितलं. मायला विचारलं, "आंघोळ करतो का?" माय म्हणाली, "करतो जी." "जेवतो का?" "जेवतो." "घरात काही काम करतो का?" आता कोणती माय परक्या माणसापुढं म्हणेल, माझं लेकरू काही कामाचं नाही? माय म्हणाली, "पाणी भरतो." भरतो खरं. माय बादली हातात देते, नळापर्यंत नेते, परत आणते. त्याला पाणी भरणं म्हणतात.

पाच मिनिटांत झालं. चाळीसच्या खाली. पुढं पेन्शनच्या अर्जावर एका कचेरीतून उत्तर आलं: पात्र नाही. दोन शब्द. खिडकीतला बाबू वर म्हणाला, "दिसायला तर चांगलाय की. आणि तुम्हाला आधीच काय कमी सवलती आहेत का?" दोस्तांनो, माझ्या हाताला गोदीतली आकडी धरायची सवय आहे. त्या दिवशी हात खिशात ठेवला, त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दादानं परतीच्या गाडीत विचारलं, "नापास झालो का?"

मी ठरवलं, अपील करायचं. कसं करतात ते माहीत नव्हतं. तर शिकलो, आणि जे शिकलो ते तुम्हाला देतो, कारण तेवढ्यासाठीच मी इथं उभा आहे.

पहिलं. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं. दिव्यांग हक्क नियमांत त्याचा ठरलेला नमुना आहे. तोंडी "नाही बसत" हे उत्तर नव्हे. कागद मागा. देत नसतील तर 2005 चा माहिती अधिकार आहे, तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला स्वतःच्या उपचाराचे कागद मागायचा हक्क दिलाय. मी मागितले. गुणांच्या कागदाची झेरॉक्स मिळाली.

दुसरं. हा काटा कसा चालतो ते समजून घ्या. त्याला आयडियाज म्हणतात. मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं तयार केला आणि 2002 पासून सरकारनं घेतलाय. त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार. त्यात आजार किती काळाचा आहे त्याचे गुण मिळवतात. जास्त गुण म्हणजे जास्त अपंगत्व. उलटी परीक्षा आहे ही. इथं जो पास तो नापास.

दादाच्या कागदावर स्वतःची काळजी: एक. कारण आंघोळ करतो. काम: एक. कारण पाणी भरतो. आणि आजाराचा काळ सगळ्यांत कमी, कारण आम्ही फक्त शेवटच्या आठ महिन्यांचे केसपेपर नेले होते. बाकीचे मायच्या पेटीत होते, जातीच्या दाखल्याच्या खाली. आणा असं कोणी सांगितलं नाही, आणि न्यावेत हे आम्हाला सुचलं नाही. भगताच्या दोन वर्षांचा तर कागदच नाही. भगत केसपेपर देत नाही.

तिसरं. कायद्याच्या 59 व्या कलमात लिहिलंय, दाखला देणाऱ्याच्या निर्णयावर अपील करता येतं. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या 12 व्या कलमानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो. मानसिक रुग्णाला आणि दिव्यांगालाही मिळतो. म्हणजे माझा दादा दोन-दोन दरवाजांनी आत जातो. आम्ही अर्ज केला. एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी आमचं ऐकून घेतलं, ही मोठी गोष्ट.

आता मी माझी लाज सांगतो.

अपिलात फेरतपासणीची तारीख आली. आदल्या रात्री मी मायला म्हणालो, "उद्या दादाला आंघोळ घालू नको. दाढी राहू दे. दोन दिवस गोळी पण राहू दे. डॉक्टरला दिसू दे काय आहे ते." मी हुशार समजत होतो स्वतःला. काट्याचं गणित मला कळलं होतं ना.

माय काही बोलली नाही. बराच वेळ. मग म्हणाली, "आपल्या मान्सायला घाण म्हणून बाहीर बसवलं. आता पैशापायी मी माझं लेकरू घाण करून नेऊ? नाही भेटलं तर नाही भेटलं. मी त्याला धुऊनच नेणार."

दोस्तांनो, चवदार तळ्यावर मी भाषणं केलीत. 20 मार्च 1927 मला तोंडपाठ आहे. पण पाण्याचा अर्थ त्या रात्री चुलीपुढं बसलेल्या अडाणी बाईनं मला सांगितला. गोळी बंद करायला सांगितलं हे तर पापच होतं. त्यानं काय होतं ते मी एकदा पाहिलेलं होतं, तरी बोललो. गरिबी आपल्याला आपल्याच माणसाशी कसं वागायला लावते ते बघा.

मग दुसरा रस्ता काढला. खोटं दाखवायचं नाही, खरं लिहून न्यायचं. माझी भाची नववीत आहे. तिच्याकडून महिनाभराची वही आधीच लिहून घेतली होती वकीलबाईंच्या सांगण्यावरनं. माय सांगायची, ती लिहायची. रात्री किती वेळा उठला. आंघोळ कोणी घातली. घास कोणी भरवला. गोळी घ्यायला किती वेळ लागला. किती दिवस एक शब्द बोलला नाही. साधी वही, वर कंपासपेटीची जाहिरात. शेजारच्या दोघांचं लिहून घेतलं. जुना मुकादम, जो आता वेगळीकडं आहे, त्यानं सही दिली की दादा त्याच्या हाताखाली होता आणि अमुक साली असं असं झालं. पेटीतले सगळे केसपेपर तारखेनं लावले.

माय दादाला धुऊन, भांग पाडून घेऊन गेली.

या खेपेला डॉक्टरबाई होत्या. त्यांनी वही उघडली. वाचली. खरंच वाचली, पानं उलटून. मग मायला विचारलं, "आई, आंघोळ कोण घालतं?"

बघा फरक. करतो का, आणि कोण घालतं. पहिल्या प्रश्नाला मायकडं अब्रू वाचवायचं उत्तर होतं. दुसऱ्याला खरं उत्तर होतं. माय म्हणाली, "मीच घालते. सात वरसं झाली. मी मेल्यावर कोण घालंल, येवढंच लिवा."

पन्नास टक्के आले.

हे फक्त आमच्या घरचं नाही. लष्करातही असंच चालतं. स्किझोफ्रेनिया म्हणून काढलेल्या एका शिपायाला विकलांगता पेन्शन नाकारलं होतं. वैद्यकीय मंडळानं लिहिलं, आजार नोकरीमुळं नाही, याच्या घडणीतलाच आहे. का, ते लिहिलं नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या शिपायाच्या बाजूनं निकाल दिला: कारण न देता दिलेलं मत धरून माणसाचा हक्क काढता येत नाही. 2013 मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं होतं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असंच धरायचं. आता एवढ्यावर नाचू नका. 2019 मध्ये तिथंच एका जवानाची मागणी फेटाळलीसुद्धा गेली. कोर्ट म्हणजे आपलं घर नाही. पण "कारण दाखवा" हा शब्द तिथं चालतो, तर खिडकीतल्या बाबूपुढंही चालवला पाहिजे.

मग आता सगळं झालं का? नाही. दाखला तात्पुरता आहे, मुदत संपली की परत तपासणी. पेन्शनचा अर्ज नव्यानं केलाय, पैसा अजून आला नाही. आधी चुकीनं नाकारलं त्या महिन्यांचं काय, असं विचारलं तर कोणी मान वर करत नाही. आणि 2500 रुपयांत काय होतं? गोळ्या, रिक्षा, थोडं तांदूळ. 2016 च्या कायद्याचं 24 वं कलम सांगतं, दिव्यांगाची मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा निदान पंचवीस टक्के जास्त पाहिजे. कायदा झाल्यावर कितीतरी वर्षं विधवा, निराधार आणि दिव्यांग एकाच रकमेच्या रांगेत उभे होते. हा हिशेब कोणी मागितला? आपण मागितला का? आपण मोर्चे काढले, पुतळ्यांसाठी रस्त्यावर आलो, ते बरोबरच. पण आपल्या वस्तीतल्या किती खोल्यांत एक माणूस आतल्या बाजूला बसवून ठेवलाय, ते आपण मोजलंय का? लग्न जमणार नाही म्हणून बहिणीला लपवतो. भावाला "सटकलाय" म्हणून हसतो. वेडा, येडा, मेंटल, या आपल्या शिव्या आहेत. ज्यांना शिवीनं मारलं त्यांनी दुसऱ्याला शिवीनं मारू नये, एवढं तरी करा.

माझं मागणं लहान आहे. दर रविवारी सकाळी या विहारात एक टेबल लावू. मी असेन, गोदीला सुटी असली तर नक्की. भाची असेल, तिचं अक्षर चांगलं आहे. ज्याच्या घरी असा माणूस आहे त्यानं यावं. जुना केसपेपर, चिठ्ठी, गोळ्यांचं रिकामं पाकीट, काय असेल ते आणा, फेकू नका. ज्यांच्याकडं काहीच नाही त्यांनी आजपासून वही सुरू करा. नाकारलेला कागद असेल तर लाजू नका, तोच आधी आणा. आणि रात्री-अपरात्री कोणाचं डोकं फुटायला आलं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट आहे. लिहून घ्या. कवितेच्या वहीत लिहिलात तरी चालेल.

शेवटचं सांगतो आणि बसतो. दाखला घेऊन आम्ही पालघरहून गाडीत बसलो. दादा खिडकीशी. बराच वेळ बाहेरची मिठागरं बघत होता. मग म्हणाला, "किती पडले?"

मी म्हणालो, "पन्नास."

दादा म्हणाला, "मंग पास झालो."

मायनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. मी दुसरीकडं बघितलं.

रविवारी या. कागद घेऊन या. जयभीम.